ई-मेलचें खातें आणि त्याच्या किल्ल्या

आमच्या सभासदांचा पत्रव्यवहार गेल्या कांहीं वर्षांत टपालाच्या पिशवींतून निघून बराचसा ई-मेलवर गेला आहे. माती-परीक्षणाचा अहवाल, पीक-विम्याची पोंच, द्राक्षें-डाळिंबें परदेशीं पाठविणाऱ्या व्यापाऱ्याचें मागणीपत्र, शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभेची नोटीस, हें सर्व आतां त्या वाटेनें येतें. असें असतां मंडळाकडे जीं विचारणेचीं पत्रें येतात, त्यांत एक प्रश्न निरनिराळ्या शब्दांनीं पुन्हां पुन्हां येतो : "खातें उघडतांना पासवर्ड मागतात, तो कोणता पासवर्ड?" प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्याच्या पोटांत चार-पांच निरनिराळ्या गोष्टींचा गुंता आहे, आणि तो न उकलल्यामुळें कित्येकांचीं खातीं कायमचीं बंद पडतात व कित्येकांचे पैसे बुडतात. म्हणून या अंकांत हा विषय जरा विस्तारानें घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या एका सभासदांची हकीकत प्रथम सांगतों. त्यांनीं तालुक्याच्या गांवीं नवा मोबाईल घेतला. दुकानदारानें मोठ्या तत्परतेनें फोन सुरू करून दिला, ई-मेलचें खातेंहि उघडून दिलें, आणि त्याचा पासवर्ड आपल्या मनानें ठरवून टाकला. सभासदांनीं तो विचारला नाहीं व दुकानदारानें सांगितला नाहीं. दोन वर्षें कांहींच अडलें नाहीं, कारण फोनला तो एकदां कळला होता व फोन तो पुन्हां विचारीत नव्हता. पुढें फोन बिघडला. दुरुस्त करणारानें तो कोरा करून पुन्हां सुरू केला, तों पडद्यावर प्रश्न आला कीं, या फोनवर पूर्वीं जें खातें होतें त्याचा पासवर्ड द्या. दुकान तोंपर्यंत उठून गेलें होतें. फोन निरुपयोगी झाला, आणि त्याहून वाईट म्हणजे दोन हंगामांचा पत्रव्यवहार त्या खात्यांत अडकून पडला. फोन चोरीस गेल्यास चोरास त्याचा उपयोग होऊं नये म्हणून अँड्रॉइड जातीच्या फोनांत ही योजना २०१५ पासून आहे. योजना चांगली, पण किल्ली स्वतःजवळ नसेल तर मालक आणि चोर यांत तिला भेद करतां येत नाहीं.

पासवर्ड म्हणजे काय?

गडाच्या दरवाजावर रात्रीं येणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत. तो बरोबर सांगणाऱ्यास आंत सोडीत. मग त्याचा चेहरा ओळखीचा असो वा नसो. पासवर्ड तो हाच. संगणकांत ही रीत १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत आली. फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनीं एकच मोठा संगणक अनेकांनीं वापरण्याची व्यवस्था केली, तेव्हां एकाचे कागद दुसऱ्यानें पाहूं नयेत म्हणून प्रत्येकास निराळा परवलीचा शब्द देण्यांत आला. १९६६ सालीं तेथेंच एका चुकीनें स्वागताच्या मजकुराऐवजीं सर्वांच्या परवलीच्या शब्दांची यादीच प्रत्येकापुढें उमटली.

अशा प्रकारांवरून शहाणपण शिकून आतां चांगल्या कंपन्या मूळ शब्द आपल्या दफ्तरीं ठेवीतच नाहींत. त्या शब्दावर गणित करून आलेली एक खूण तेवढी ठेवतात. आपण शब्द दिला कीं त्यावर तेंच गणित करून खूण जुळते कीं नाहीं तें पाहतात. गव्हाचें पीठ करतां येतें, पिठाचा पुन्हां गहूं करतां येत नाहीं, तसें तें आहे. यावरून एक व्यवहाराची गोष्ट निघते. ई-मेल कंपनीच्या कोणत्याहि नोकरास आपला पासवर्ड माहीत नसतो व त्याला तो विचारण्याचें कारणहि पडत नाहीं. कोणी फोनवर "आम्ही कंपनींतून बोलतों, पासवर्ड सांगा" असें म्हणेल, तर तो ठक आहे असें निःशंक समजावें.

खातें उघडतांना काय काय विचारतात?

नवें खातें उघडतांना नांव, जन्मतारीख, खात्याचा पत्ता काय असावा तें, आणि त्यानंतर पासवर्ड, इतकें विचारतात. येथें बहुतेकांचा घोंटाळा होतो. "माझा पासवर्ड काय आहे?" असें ते शेजाऱ्यास विचारतात. वस्तुतः तो अद्यापि कोठेंच नसतो. तो त्याच क्षणीं आपण स्वतः बनवावयाचा असतो. नवें कुलूप आपण घडवीत आहों, त्याची किल्लीहि आपणच पाडावयाची आहे. तोच शब्द खालच्या चौकटींत दुसऱ्यानें लिहावयास सांगतात, तो दुसरा पासवर्ड नव्हे. लिहितांना हातून अक्षर चुकलें नाहीं ना, एवढीच ती खात्री असते.

पुढें मोबाईलचा नंबर व "पर्यायी" म्हणून दुसरा एखादा ई-मेल पत्ता विचारतात. पुढेंमागें आपण पासवर्ड विसरल्यास नवा करण्यासाठीं निरोप कोठें पाठवावा, एवढ्यापुरतें तें असतें. येथें फक्त पत्ता द्यावयाचा. त्या दुसऱ्या खात्याचा पासवर्ड येथें कोणी मागत नाहीं, आणि मागितल्यास देऊं नये. मुलाचा किंवा भावाचा पत्ता येथें दिला तरी चालतें, मात्र तें माणूस विश्वासाचें पाहिजे, कारण संकटकाळीं किल्ली त्याच्या हातीं जाणार असते.

म्हणजे नवें खातें उघडावयास खरोखर एकच पासवर्ड लागतो, व तोहि नवा. मग इतर पासवर्ड येतात कोठून? ते निरनिराळ्या दारांचे आहेत. तीं दारें एकेक पाहूं.

चार दारें, चार किल्ल्या

पहिलें दार फोनचें. फोन उघडतांना आपण जे चार-सहा आंकडे दाबतों किंवा बोट टेकवितों, तें फक्त त्या फोनचें कुलूप आहे. फोन बदलला कीं तें बदलतें. हे आंकडे म्हणजे ई-मेलचा पासवर्ड असें समजून तेच पुन्हां पुन्हां भरणारे गृहस्थ आम्हीं पाहिले आहेत; बऱ्याच चुका झाल्या कीं कंपनी कांहीं वेळ खात्याचें दारच लावून घेते. घरांतील वाय-फायचा पासवर्डहि असाच वेगळा. तो रस्त्यावरच्या नाक्याचा आहे, घराचा नव्हे. मात्र २०२३ पासून गूगलनें "पासकी" नांवाची एक सोय दिली आहे. ती आपण मुद्दाम चालू केली असल्यास, फोनच्या कुलपाच्या त्याच खुणेनें ई-मेलचें खातेंहि उघडतें. तेवढा अपवाद ध्यानांत ठेवावा, आणि म्हणून फोनचें कुलूपहि १२३४ असें पोरकट ठेवूं नये.

दुसरें दार ई-मेलच्या खात्याचें, म्हणजे आपण वर घडविलेलें. त्याची किल्ली सर्वांत मोलाची कां, तें पुढें सांगूं.

तिसरें दार परक्या संस्थांचें. बियाणें विकणारें संकेतस्थळ, अनुदानाच्या अर्जाचें सरकारी पोर्टल, विमा कंपनी, रेल्वेचें तिकीट देणारी व्यवस्था, या सर्व ठिकाणीं नांव नोंदवितांना वरच्या चौकटींत ई-मेल पत्ता व तिच्या खालीं पासवर्ड मागतात. एकाखालीं एक असल्यामुळें वाचणारा समजतो कीं, वर ई-मेल लिहिला, तेव्हां खालीं ई-मेलचाच पासवर्ड लिहावयाचा. सर्वांत मोठी चूक ती हीच. ती संस्था आपला पत्ता केवळ नांवासारखा वापरते. पासवर्ड मात्र तिच्या स्वतःच्या दाराचा मागते, व पहिल्या खेपेस तोहि नवाच बनवावयाचा असतो. बाजार समितींत आपण आपला घरचा पत्ता लिहून देतों, म्हणून घराची किल्लीहि तेथें देऊन येतों काय? ज्यानें ई-मेलचा खरा पासवर्ड तेथें लिहिला, त्यानें घरची किल्ली दिली. उद्यां त्या संस्थेचें दफ्तर फुटलें, तर चोर प्रथम ती किल्ली घेऊन आपल्या टपालपेटीकडे येतो.

चौथें दार संगणकावरील टपालाच्या प्रोग्रॅमचें. संस्थांच्या कचेऱ्यांत थंडरबर्ड किंवा आउटलुक यांसारखा प्रोग्रॅम बसविलेला असतो व त्यांत खातें जोडावें लागतें. यासंबंधीं आमच्याकडे सर्वांत अधिक प्रश्न येतात, म्हणून याचा विचार स्वतंत्र करतों.

येणारें टपाल आणि जाणारें टपाल

प्रोग्रॅममध्यें खातें जोडतांना तो दोन ठिकाणीं पासवर्ड विचारतो : एक येणाऱ्या टपालाच्या सर्व्हरसाठीं, एक जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरसाठीं. "दुसरा पासवर्ड आम्हांस कोणी दिलाच नाहीं," असें एका सोसायटीचे चिटणीस आम्हांस लिहितात. याचें मूळ जुन्या इतिहासांत आहे. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र पाठविण्याचा व त्यासाठीं पत्त्यांत "ॲट"ची खूण वापरण्याचा प्रघात रे टॉमलिन्सन यांनीं १९७१ मध्यें पाडला. पत्र पाठविण्याचे नियम १९८२ मध्यें "एसएमटीपी" या नांवानें ठरले. पोस्टाच्या तांबड्या पेटींत पत्र टाकणाऱ्यास कोणी किल्ली विचारीत नाहीं, तसेंच येथेंहि पत्र पाठविणाऱ्यास मुळीं पासवर्ड नव्हता. आलेलें टपाल पेटींतून काढून घेणाऱ्यास मात्र किल्ली आवश्यक. त्याचे "पॉप" व "आयमॅप" हे दोन प्रकार त्याच दशकांत निघाले. पुढें या मोकळ्या पेटीचा फायदा घेऊन लोकांनीं खोट्या व निरुपयोगी पत्रांचा सुकाळ केला, तेव्हां १९९९ मध्यें पाठविणाऱ्यासहि ओळख पटविण्याचा नियम लिहिला गेला. अशा रीतीनें दोन दारें निरनिराळ्या काळीं बांधलीं गेलीं, म्हणून प्रोग्रॅम दोनदां विचारतो. किल्ली मात्र बहुतेक सर्व कंपन्यांकडे एकच असते. येणाऱ्या टपालास जो पासवर्ड, तोच जाणाऱ्या टपालासहि भरावा. पत्रें येतात पण जात नाहींत अशी तक्रार असेल, तर दुसरी चौकट रिकामी राहिली कीं काय तें प्रथम पाहावें.

आतां अलीकडे आणखी एक फेर पडला आहे. जीमेलच्या वैयक्तिक खात्यांत, केवळ साधा पासवर्ड देऊन असा प्रोग्रॅम जोडण्याची मुभा गूगलनें ३० मे २०२२ पासून काढून घेतली. त्यामुळें पासवर्ड अगदीं बरोबर असूनहि तो "चुकीचा" म्हणून परत येतो, आणि माणूस व्यर्थ बुचकळ्यांत पडतो. यावर दोन उपाय आहेत. नवे प्रोग्रॅम गूगलचें स्वतःचें पान उघडून देतात. पासवर्ड त्या पानावर लिहावयाचा व परवानगी द्यावयाची. पासवर्ड प्रोग्रॅमच्या हातीं पडतच नाहीं, म्हणून हा मार्ग उत्तम. प्रोग्रॅम जुना असून त्यास हें साधत नसेल, तर "ॲप पासवर्ड" घ्यावा लागतो. हा सोळा अक्षरांचा असून तो गूगलच बनवून देतें, आपण नव्हे. खात्यांत दुहेरी पडताळणी चालू केल्यावांचून तो मिळत नाहीं. येणाऱ्या व जाणाऱ्या, दोन्ही चौकटींत हीच सोळा अक्षरें भरावयाचीं. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला कीं असे सर्व ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. त्यानंतर कचेरींतील संगणकावर टपाल येईनासें झालें तर घाबरण्याचें कारण नाहीं, नवा ॲप पासवर्ड करून भरावा. मायक्रोसॉफ्टनें आपल्या आउटलुक व हॉटमेलच्या वैयक्तिक खात्यांसाठीं साध्या पासवर्डाची वाट १६ सप्टेंबर २०२४ पासून बंद केली आहे. तेथें कंपनीचें पान उघडूं शकणारा नवा प्रोग्रॅमच घ्यावा लागतो.

ओटीपी व राखीव आंकडे

ओटीपी म्हणजे एकदांच चालणारी किल्ली. ती थोड्या वेळानें निकामी होते. ती पाठ करण्याची किंवा लिहून ठेवण्याची वस्तु नव्हे. परंतु त्या थोड्या वेळांत ती खऱ्या किल्लीइतकीच समर्थ असते. म्हणून दुसऱ्यानें मागितल्यास ती सांगूं नये, मग मागणारा बँकेचें नांव सांगो कीं सरकारचें. दुहेरी पडताळणी चालू केल्यावर गूगलकडून आठ-आठ आंकड्यांच्या दहा राखीव किल्ल्यांची यादीहि घेतां येते. प्रत्येक किल्ली एकदांच चालते. फोन विहिरींत पडला किंवा हरवला, तर या यादीवांचून खात्यांत शिरणें फार कठीण होतें. ही यादी फोनमध्येंच ठेवणें म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरींतच ठेवणें होय. ती कागदावर उतरून घ्यावी.

मुख्य किल्ली कां जपावी?

वर आम्हीं म्हटलें कीं, ई-मेलची किल्ली सर्वांत मोलाची. तिच्यांत पैसे नाहींत, मग मोल कसलें, असें कोणी विचारील. त्याचें कारण असें कीं, विमा, अनुदानाचें पोर्टल, दुकान, यांपैकीं कोणत्याहि दाराची किल्ली हरवली, तर "पासवर्ड विसरलां?" या शब्दांवर बोट ठेवतांच बहुतेक ठिकाणीं नवी किल्ली ई-मेलवर पाठविली जाते. म्हणजे ज्याच्या हातीं टपालपेटी, त्याच्या हातीं पुष्कळ दारें. विहिरीचा मूळ झरा ज्याच्या बांधांत, त्याच्या हातीं खालचे सर्व पाट, तशांतली ही गोष्ट आहे. म्हणून इतर पासवर्ड कसेहि असोत, हा एक स्वतंत्र, लांब व दुसरीकडे कोठेंहि न वापरलेला असलाच पाहिजे.

तो कसा करावा? गांवाचें नांव, मुलाचें नांव, गट नंबर, मोबाईलचा नंबर, जन्मसाल, हें सर्व आपल्या सात-बाऱ्यावरून किंवा शेजाऱ्याच्या तोंडून कोणासहि कळतें. तें घेऊं नये. एकमेकांशीं संबंध नसलेले चार-पांच घरगुती शब्द इंग्रजी लिपींत सलग लिहावे. तिफण, उंबरा, जायफळ, सोमवार अशा जातीचे शब्द लक्षांत राहतात, पण परक्यास सुचत नाहींत. (हेच चार मात्र आतां छापून गेले, ते कोणी घेऊं नयेत.) दर महिन्यास पासवर्ड बदलावा, असें पूर्वीं सांगत असत. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या सरकारी संस्थेनें २०१७ मध्यें ही शिफारस मागें घेतली; वरचेवर बदलावयास लावलें कीं लोक सोपे शब्द घेतात, असा अनुभव आला. फुटल्याचा संशय आला तरच बदलावा, पण मग विलंब करूं नये.

तो लिहून ठेवावा कीं नाहीं, असें पुष्कळ विचारतात. आमचें मत असें कीं, साध्या वहींत लिहून, खरेदीखत व सात-बारा ज्या ट्रंकेंत असतात त्याच ट्रंकेंत ठेवावा. गांवच्या ट्रंकेवर दूरदेशींच्या चोराचा हात पोंचत नाहीं. फोनच्या पाठीवर चिठ्ठी चिकटविणें किंवा पासवर्डाचा फोटो काढून दुसऱ्यास पाठविणें मात्र सर्वथा वर्ज्य समजावें. यांत आणखी एक लाभ आहे. कर्ता पुरुष अकस्मात् गेला, तर मागील माणसांस जमिनीचे कागद सांपडतात तशी हीहि वही सांपडते. नाहीं तर विम्याचा सर्व पत्रव्यवहार त्यांना दिसतो, पण उघडत नाहीं.

व्यवहारांत पाळावयाचे नियम

१. फोन घेतांना दुकानदारानें खातें उघडून दिलें असल्यास पत्ता व पासवर्ड विचारून घ्यावा आणि घरीं येतांच पासवर्ड स्वतः बदलावा. ज्यांनीं पूर्वीं विचारला नाहीं, त्यांनीं फोन चालू आहे तोंवरच हें काम उरकावें.

२. सेवा केंद्रांत किंवा परक्याच्या संगणकावर खातें उघडल्यास "पासवर्ड जतन करूं का?" या प्रश्नास "नाहीं" म्हणावें व उठतांना खात्यांतून बाहेर पडावें. नुसती खिडकी बंद करणें म्हणजे बाहेर पडणें नव्हे.

३. मोबाईलचा नंबर बदलला कीं ई-मेल खात्यांतील नंबर त्याच दिवशीं बदलावा. सोडलेला नंबर ९० दिवस उलटल्यावर दुसऱ्या ग्राहकास मिळूं शकतो, आणि मग आपल्या किल्लीचा निरोप त्याच्या घरीं जातो.

४. खातें अधूनमधून उघडीत जावें. दोन वर्षें मुळींच न वापरलेलीं वैयक्तिक खातीं काढून टाकण्याचा नियम गूगलनें केला असून तो डिसेंबर २०२३ पासून अमलांत आहे.

५. सोसायटीचें खातें सोसायटीच्या नांवानें असावें. चिटणीस बदलतांच दप्तराबरोबर पासवर्ड, नोंदलेला मोबाईल नंबर व पर्यायी पत्ता, हीं तिन्ही बदलावीं आणि तशी नोंद सभेच्या इतिवृत्तांत घ्यावी. शिक्के हातीं आले, पण टपालपेटी जुन्याच्या घरीं राहिली, असें होऊं देऊं नये.

६. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसूं नये. तत्काळ १९३० या नंबरावर फोन करावा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनें वापरणें हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-सी प्रमाणें गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे.

हें सर्व ध्यानांत राहणें कठीण वाटेल, त्यांनीं एकच गोष्ट लक्षांत ठेवावी. पडद्यावर पासवर्ड मागितला कीं हात आवरून प्रथम विचारावें : हें दार कोणाचें? जें दार विचारीत असेल, त्याच दाराची किल्ली त्यास द्यावी, दुसऱ्याची देऊं नये. आणि दार कोणाचें तें कळत नसेल, तर कांहींच न देतां परतावें. आपल्या धान्याच्या कोठाराची किल्ली आपण परक्याच्या हातीं देत नाहीं, आणि ती कोठें आहे हें आपणांस ठाऊक नाहीं असेंहि कधीं होत नाहीं. तीच संवय या नव्या पेटीविषयीं लावून घ्यावी, आणि पुढला अंक हातीं पडण्यापूर्वीं प्रत्येकानें आपल्या खात्याची किल्ली खरोखर आपल्याजवळ आहे ना, एवढें तरी पाहून घ्यावें, अशी आमची सर्व सभासदांस विनंति आहे.